केंद्रकातील लिपिड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीच्या केंद्रकात लिपिड (मेदवर्गीय रेणू) असतात, म्हणजे नेमके कुठे असतात?

तीन ठिकाणी. ही तीन ठिकाणे मनात वेगळी ठेवली नाहीत तर पुढचे प्रत्येक उत्तर गढूळ होते.

पहिले ठिकाण म्हणजे केंद्रकाचे दुहेरी आवरण. बाहेरचे पटल आंतरद्रव्यजालिकेला (पेशीद्रव्यातल्या पटलांच्या जाळ्याला) सलग जोडलेले असते. आतले पटल लॅमिन या आधार देणाऱ्या प्रथिनांच्या जाळीला आणि क्रोमॅटिनला (प्रथिनांवर गुंडाळलेल्या डीएनएला) टेकलेले असते. दोन्ही पटले केंद्रकछिद्रांच्या कडेला एकमेकांत वळतात, त्यामुळे बाहेर तयार झालेला लिपिडचा रेणू या वळणावरून सरकत आतल्या पटलात येऊ शकतो. दुसरे ठिकाण केंद्रकातले मेदबिंदू: मध्ये ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर, भोवती फॉस्फोलिपिडचा एकेरी थर. तिसऱ्या ठिकाणावर सर्वांत जास्त वाद झाले. ते ना पटल, ना थेंब. स्प्लायसिंगच्या (आरएनएची काटछाट करणाऱ्या) प्रथिनांचे साठे असलेले स्पेकल, केंद्रिका (रायबोसोमचे भाग बनतात ती जागा) आणि क्रोमॅटिन यांच्यात प्रथिनांनी धरून ठेवलेले लिपिड तिथे असतात.

लिपिड पाण्यात विरघळत नाहीत. मग पटल नसताना ते आत टिकतात कसे?

प्रथिन त्यांना धरून ठेवते म्हणून. एसएफ-१ या केंद्रकी ग्राहीचे (जनुके चालवणाऱ्या, लिपिड बांधणाऱ्या प्रथिनाचे) उदाहरण यासाठी सर्वांत सोपे आहे. त्याच्या पोकळ खिशात फॉस्फोलिपिडच्या दोन्ही मेदाम्ल-शेपट्या शिरून बसतात आणि भारित डोके तेवढे बाहेर डोकावते. शेपट्यांना पाणी लागत नाही, डोक्याला लागते. दोन्हींची सोय झाली. शिवाय डोके उघडे असल्यामुळे एन्झाइम त्यावर काम करू शकतात. लिपिड एसएफ-१ च्या खिशात असतानाच आयपीएमके हे कायनेज (फॉस्फेट जोडणारे एन्झाइम) पीआयपी२ या फॉस्फोलिपिडला आणखी एक फॉस्फेट जोडून पीआयपी३ करते, आणि पीटेन हे एन्झाइम ते फॉस्फेट काढून घेते. पेशीपटलावर हेच काम करणाऱ्या पी११० कायनेजला मात्र प्रथिनाने धरलेल्या लिपिडवर हे जमत नाही. पटलावरची रसायनशास्त्राची गणिते केंद्रकात जशीच्या तशी लागू होत नाहीत, ती यामुळे.

दुसरी सोय अशी, की लिपिड आणि प्रथिने मिळून नॅनोमीटर आकाराचे पुंजके बनवतात. त्यांना केंद्रकी लिपिड-बेटे म्हणतात. त्यांचा आकार साधारण ४० ते १०० नॅनोमीटर असतो, पृष्ठभागावर पीआय(४,५)पी२ (वरचे पीआयपी२ ते हेच) असते आणि आरएनए पॉलिमरेज-२ चे, म्हणजे जनुकांवरून एमआरएनए बनवणाऱ्या एन्झाइमचे, काम त्यांच्या कडेला चालताना दिसते.

हे सगळे बाहेरून चिकटून आलेले पटलाचे तुकडे नाहीत कशावरून?

ही शंका रास्त आहे आणि या विषयाची पहिली काही वर्षे तिनेच खाल्ली. १९८७ मध्ये बोलोन्याचे लुचिओ कोक्को, केंब्रिजचे रॉबिन अर्व्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या फ्रेंड पेशींची (रक्तकर्करोगाच्या पेशींची) केंद्रके वेगळी केली, डिटर्जंटने त्यांचे आवरण धुऊन काढले आणि किरणोत्सारी फॉस्फेट असलेले एटीपी दिले. आवरण नसतानाही पॉलिफॉस्फोइनोसिटाइड (पीआयपी२ च्या कुळातले लिपिड) तयार होत राहिले. शिवाय पेशी विभेदित (विशिष्ट कामासाठी पक्व) होऊ लागल्या तसे या निर्मितीचे प्रमाण बदलले. पटलाचा नुसता कचरा असता तर पेशीच्या अवस्थेप्रमाणे असा बदल दिसायचे कारण नव्हते.

पुढचा भक्कम पुरावा उंदराच्या स्विस ३टी३ पेशींतून आला. आयजीएफ-१ हा वाढघटक दिल्यावर केंद्रकातले पीआयपी२ घटते आणि ते तुटून बनणारे डायअसिलग्लिसरॉल वाढते. केंद्रकात पीआयपी२ तोडणारे फॉस्फोलायपेज सी बीटा-१ असते, हेही १९९२ मध्ये दाखवले गेले. केंद्रकाचे हे चक्र पेशीपटलावरच्या चक्रापेक्षा वेगळ्या इशाऱ्यावर चालते.

कोणते लिपिड, साधारण किती?

सर्वाधिक फॉस्फॅटिडिलकोलिन. आवरणात ते इतर पटलांसारखेच असते. पण आवरण काढल्यावर आत उरणाऱ्या फॉस्फॅटिडिलकोलिनमध्ये दोन्ही शेपट्या संपृक्त असलेले रेणू लक्षणीय जास्त भरतात. म्हणजे आतला साठा ही बाहेरच्या साठ्याची पातळ प्रत नव्हे. त्याखेरीज फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन, फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल, स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉल सापडतात. फॉस्फोइनोसिटाइड अगदी थोडे असतात. पण पीआय(४,५)पी२ च्या डोक्यावर सुमारे उणे चार भार असतो, आणि लायसिन-आर्जिनिनने भरलेल्या केंद्रकी प्रथिनांना तो भार लगेच जाणवतो. इथे प्रमाणापेक्षा भाराला किंमत आहे.

पीआय(४,५)पी२ केंद्रकात करते काय?

बरेच काही, आणि सगळीकडे एकाच पद्धतीने नाही.

स्पेकलमध्ये ते बनवणारी कायनेज असतात. तिथेच स्टार-पॅप हा पॉली-ए पॉलिमरेज (एमआरएनएच्या टोकाला शेपूट जोडणारे एन्झाइम) सापडला. २००८ मध्ये दिसले की पीआय(४,५)पी२ जोडले गेल्यावर त्याची गती वाढते आणि ऑक्सिडेशनच्या ताणात लागणाऱ्या काही मोजक्या एमआरएनएंना, उदाहरणार्थ हीम ऑक्सिजनेज-१ च्या, तो शेपूट जोडतो. सगळ्या एमआरएनएंचा कारभार त्याच्याकडे नाही.

क्रोमॅटिनवर बीएएफ हे पुनर्रचना-संकुल पीआयपी२ मुळे घट्ट चिकटते. जनुक बंद करणाऱ्या बीएएसपी-१ या प्रथिनाला एचडॅक-१ (डीएनए गुंडाळणाऱ्या हिस्टोन प्रथिनांवरचे अॅसिटिल गट काढणारे एन्झाइम) ओढून आणण्यासाठी हेच लिपिड लागते. केंद्रिकेत ते आरएनए पॉलिमरेज-१ च्या यंत्रणेसोबत सापडते.

कर्करोग रोखणाऱ्या पी५३ या प्रथिनाची गोष्ट जरा निराळी आहे. डीएनएला इजा झाली की पीआयपी२ बनवणारे कायनेज थेट पी५३ ला भेटते आणि त्यावर पीआयपी२ चढते. मग एचएसपी२७ आणि अल्फा-बी क्रिस्टलिन ही छोटी उष्माघात-प्रथिने येऊन बसतात आणि पी५३ लवकर मोडत नाही. २०१९ मध्ये हे उघड झाले. इथे लिपिड फक्त निरोप पोचवत नाही, ते प्रथिनाचे आयुष्य वाढवते.

पीआयपी२ तुटल्यावर त्याचे पुढे काय होते?

डायअसिलग्लिसरॉल आणि आयपी३ (सुटे झालेले डोके) असे दोन तुकडे पडतात. डायअसिलग्लिसरॉल प्रोटीन कायनेज सी ला केंद्रकात बोलावते. डीजीके नावाची कायनेज त्याचे फॉस्फॅटिडिक आम्ल करून हा इशारा थांबवतात.

आयपी३ ला पुढे फॉस्फेट जोडत नेले की आयपी६ तयार होते. केंद्रकछिद्राच्या पेशीद्रव्याकडच्या तोंडाशी जीएलई-१ आणि डीबीपी-५ ही जोडी आयपी६ च्या मदतीने बाहेर पडणाऱ्या एमआरएनएवरची प्रथिने सोलून काढते. लिपिडपासून सुरू झालेली साखळी एमआरएनएच्या निर्यातीपर्यंत पोचते ती अशी. यीस्टमध्ये ही साखळी तोडली की एमआरएनए आत अडकून साचतो.

पीआय५पी या दुसऱ्या फॉस्फोइनोसिटाइडचे नाव वेगळे का घेतात?

कारण ते ताणाचे मापक आहे. अतिनील किरण किंवा तत्सम ताण आला की पी३८ कायनेज, पीआय५पी खर्च करणाऱ्या पीआयपी४के-बीटा ला रोखते आणि केंद्रकात पीआय५पी वाढते. आयएनजी-२ या प्रथिनाचा पीएचडी नावाचा भाग ते पकडतो आणि क्रोमॅटिनला जास्त घट्ट धरतो. मात्र बहुतेक पीएचडी भागांचे मुख्य काम हिस्टोनची शेपूट वाचणे हे आहे, आणि आयएनजी-२ सुद्धा मिथिल लागलेला एच३ हिस्टोन वाचतो. पीएचडी दिसला की लिपिड शोधत बसू नये.

स्फिंगोलिपिडचा जनुकांशी काय संबंध?

स्फिंगोसिन कायनेज-२ केंद्रकात स्फिंगोसिन-१-फॉस्फेट बनवते. २००९ मध्ये दाखवले गेले की ते एचडॅक-१ आणि एचडॅक-२ ला बांधून त्यांचे काम रोखते. अॅसिटिल गट निघाले नाहीत की हिस्टोन सैल राहतात आणि पी२१, सी-फॉस यांसारखी जनुके वाचली जातात. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचे फिंगोलिमोड हे औषधही स्फिंगोसिन कायनेज-२ कडून फॉस्फेट घेते आणि केंद्रकात त्याच एचडॅकना अडवते.

एक सावधगिरी: स्फिंगोसिन-१-फॉस्फेट आणि साइट-१ प्रोटिएज (प्रथिन कापणारे एक एन्झाइम) या दोघांचे लघुरूप एस१पी असेच आहे, आणि दोन्ही लिपिडच्या लेखांत येतात. नवशिके यात हमखास फसतात.

केंद्रकातले मेदबिंदू पेशीद्रव्यातून आत शिरतात का?

नाही. छिद्रातून जाण्याइतके ते लहान नसतात. ते आतच जन्मतात, पण सगळ्या पेशींत एकाच वाटेने नाही.

यीस्टमध्ये केंद्रकाचे आतले पटल स्वतः ट्रायग्लिसराइड बनवू शकते आणि थेंब आतल्या बाजूला फुगतो. यकृतपेशींत वाट वेगळी आहे. व्हीएलडीएल (यकृत रक्तात सोडते ते मेदवाहक कण) बनवण्यासाठी आंतरद्रव्यजालिकेच्या पोकळीत तयार झालेले थेंब दोन पटलांमधल्या जागेत साचतात आणि लॅमिनची जाळी विरळ असलेल्या ठिकाणी आतले पटल फुटून केंद्रकात उतरतात. म्हणून यकृतपेशींत केंद्रकी थेंब सहज सापडतात. व्हीएलडीएल न बनवणाऱ्या काही पेशींत मात्र ते आतल्या पटलावरच तयार होताना दिसतात.

त्यांचा उपयोग काय, याचे पक्के उदाहरण म्हणजे सीसीटी-अल्फा. फॉस्फॅटिडिलकोलिन बनवण्याची गती ठरवणारे हे एन्झाइम एरवी केंद्रकात निष्क्रिय फिरत असते. थेंबाच्या पृष्ठभागावर फॉस्फोलिपिड कमी पडले की फटी पडतात. सीसीटी-अल्फाचा मळसूत्री पट्टा त्या फटींत रुततो आणि एन्झाइम चालू होते. थेंब वाढला की फॉस्फॅटिडिलकोलिनची गरज वाढते, आणि ही गरज थेंब स्वतःच कळवतो.

केंद्रकाचा आकार लिपिडवर अवलंबून असतो का?

बऱ्याच अंशी. यीस्टमध्ये पीएएच-१ हे एन्झाइम फॉस्फॅटिडिक आम्लाचे डायअसिलग्लिसरॉल करते. ते काढून टाकले की फॉस्फॅटिडिक आम्ल साचते, ओपीआय-१ हा दाबणारा घटक पटलाला चिकटून राहतो, फॉस्फोलिपिड बनवणारी जनुके मोकळी सुटतात आणि आवरण वाढून केंद्रक वेडेवाकडे फुगते. सस्तन प्राण्यांत पीएएच-१ चे काम लिपिन करते आणि त्याला चालू ठेवणारे फॉस्फेटेज सीटीडीनेप-१ आहे. पिशवीचा आकार कापडाच्या पुरवठ्यावर ठरतो, तसेच हे.

पेशी दाबली गेली तर केंद्रकाला कळते, ते कसे?

पेशी अरुंद जागेत चेपली गेली की आवरणावरच्या सुरकुत्या उलगडतात आणि आतले पटल ताणले जाते. ताणलेल्या पटलात लिपिडच्या डोक्यांमध्ये जागा होते. कॅल्शियम असेल तर सीपीएलए-२ हे एन्झाइम तिथे उतरते आणि अॅराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल तोडून काढते. २०२० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की या आम्लामुळे मायोसिन-२ आकुंचन पावते आणि पेशी चेपणातून निसटते. जखमेपाशी पेशी फुगतात तेव्हाही हेच घडते. तिथे ५-लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम आणि त्याचे साथीदार प्रथिन फ्लॅप आवरणावर हजर असल्यामुळे त्या आम्लापासून ल्युकोट्राइन हे संकेत देणारे रेणू बनतात आणि पांढऱ्या पेशींना हाक जाते.

प्रोजेरिया (अकाली वार्धक्य) हा लिपिडचा आजार मानायचा का?

मूळ दोष जनुकात, पण इजा घडवते ती लिपिडची शेपूट. लॅमिन-ए तयार होताना त्याच्या टोकाला फार्नेसिल ही १५ कार्बनची शेपूट जोडली जाते आणि शेवटी झेडएमपीएसटीई-२४ हे एन्झाइम तो तुकडा कापून टाकते. लॅमिन-ए च्या एलएमएनए जनुकात १८२४ व्या जागी सी ऐवजी टी आला की ५० अमिनो आम्लांचा भाग गळतो आणि कापायची जागाच जाते. शेपूट कायमची राहते, प्रथिन आतल्या पटलाला चिकटून बसते आणि केंद्रक विद्रूप होते. फार्नेसिल जोडणारे एन्झाइम अडवणाऱ्या लोनाफार्निबला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता दिली.

याच पटलातला एलबीआर हा लॅमिन-बी चा ग्राही कोलेस्टेरॉल बनवण्याच्या साखळीतले एक एन्झाइमही आहे. त्याच्या जनुकाची एक प्रत बिघडली की पेल्गर-ह्युएट दोष येतो: न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला तीन ते पाच पाळ्यांऐवजी दोनच दिसतात. व्यक्तीला सहसा काही त्रास नसतो, पण रक्ताची काच पाहणाऱ्याची संसर्गाविषयी दिशाभूल होऊ शकते.

पीपार, एलएक्सआर, एसआरईबीपी ही जनुके चालवणारी प्रथिने, हेही केंद्रकी लिपिडच का?

पहिले दोन लिपिडने चालणारे ग्राही आहेत. पीपार ला मेदाम्ले आणि त्यांपासून बनलेले रेणू लागतात, एलएक्सआर ला ऑक्सिस्टेरॉल, एफएक्सआर ला पित्ताम्ले. मेदाम्ल एकटे पोहत येत नाही. मेदाम्ल-बंधक प्रथिने त्याला केंद्रकापर्यंत आणून ग्राहीच्या हाती देतात. फायब्रेट औषधे पीपार-अल्फावर आणि पायोग्लिटाझोन पीपार-गॅमावर काम करते.

एसआरईबीपी वेगळे. ते आंतरद्रव्यजालिकेच्या पटलात रोवलेले असते. कोलेस्टेरॉल घटले की ते गॉल्जीत जाते, तिथे दोनदा कापले जाते आणि मोकळा तुकडा केंद्रकात जातो. लिपिडची मोजणी बाहेर होते, केंद्रकात पोचतो तो फक्त निकाल.

जे तेल खातो ते थेट केंद्रकात जाते का?

थेट नाही. मेदाम्ले पेशीत येऊन साठतात, जळतात किंवा बदलतात. जळताना बनलेल्या अॅसिटिल-कोए मधले कार्बन मात्र हिस्टोनवरच्या अॅसिटिल गटांत सापडतात.

केंद्रक वेगळे करताना काय सांभाळावे?

सगळे काम ४ अंश सेल्सिअसला, फॉस्फेटेजचे अवरोधक घालून. थंडावा सुटला की फॉस्फेटेज काही मिनिटांत फॉस्फोइनोसिटाइड खाऊन टाकतात.

पेशी पीबीएसने (खारट बफरने) दोनदा धुवा. १० मिलिमोलर हेपिस, १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या विरळ द्रावणात १० मिनिटे फुगू द्या. मग घट्ट दांड्याच्या डाउन्स होमोजनायझरमध्ये १० ते ३० वेळा दाबा. दर दहा दाबांनंतर थेंबभर काढून ट्रायपॅन ब्लूखाली पाहा: केंद्रके निळी आणि कडेला चिंध्या नसलेली हवीत. ६०० जी ला (गुरुत्वाच्या ६०० पट) ५ मिनिटे फिरवा, मग गाळ सुक्रोजच्या थरावरून उतरवा. ऊतकासाठी २.२ मोलर सुक्रोज आणि तासभर अतिवेगी फिरवणे लागते.

मॅग्नेशियम कमी पडले तर केंद्रके फुटतात आणि डीएनएची चिकट जेली नळीत तरंगू लागते. तसे झाले तर नमुना टाकून द्यावा, तो सुधारत नाही. जास्त झाले तर गुठळ्या होतात आणि पेशीद्रव्याचे तुकडे चिकटून येतात.

आवरणाविना लिपिड हवे असतील तर ०.५ ते १ टक्का ट्रायटन एक्स-१०० किंवा एनपी-४० हे डिटर्जंट. आवरणासह हवे असतील तर डिटर्जंट मुळीच नको. शुद्धता वेस्टर्न ब्लॉटने (प्रथिने प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीने) तपासा: लॅमिन-बी१ आणि हिस्टोन एच३ दिसायला हवेत, जालिकेचे कॅलनेक्सिन, पेशीद्रव्याचे ट्युब्युलिन आणि मायटोकाँड्रियाचे व्हीडॅक दिसता कामा नयेत. आवरण ठेवले असेल तर कॅलनेक्सिन थोडे येणारच, कारण बाहेरचे पटल जालिकेशी सलग आहे. त्याला अशुद्धी म्हणून रडत बसू नये, पण नोंद करावी.

लिपिड बाहेर काढताना पीआयपी२ हरवते. का?

कारण ते आम्लाशिवाय कार्बनी थरात उतरत नाही. ०.८ मिलि नमुन्यात १ मिलि क्लोरोफॉर्म आणि २ मिलि मिथेनॉल घालून एकजीव करा. मग १ मिलि क्लोरोफॉर्म आणि १ मिलि पाणी घातले की थर वेगळे होतात आणि खालचा क्लोरोफॉर्मचा थर घेतात. हे फॉस्फॅटिडिलकोलिनसाठी पुरेसे आहे. फॉस्फोइनोसिटाइडसाठी शेवटच्या पाण्याऐवजी १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावे लागते, नाहीतर ते वरच्या थरात किंवा मधल्या प्रथिनांच्या चकतीत अडकते. आम्लात फार वेळ ठेवले तर प्लाझमॅलोजेन हे लिपिड तुटतात, म्हणून दोन्हींसाठी नमुना आधीच वाटून घ्या. पॉलिस्टायरिनची नळी वापरू नका, क्लोरोफॉर्म ती विरघळवतो. काचेची नळी आणि टेफ्लॉनचे झाकण घ्या, नायट्रोजनच्या झोतात वाळवा.

आकडे डीएनएच्या प्रमाणात द्या. मानवी द्विगुणित पेशीत सुमारे ६.५ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे १ कोटी केंद्रकांतून ६५ मायक्रोग्रॅमच्या आसपास यायला हवा. त्याच्या निम्माच आला तर निम्मी केंद्रके वाटेत गेली आहेत.

सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकी पीआयपी२ कधी दिसते, कधी नाही. असे का?

फॉर्माल्डिहाइड अमाइन गटांना बांधते. पीआयपी२ ला तसा गट नाही, त्यामुळे ते स्थिरीकरणानंतरही हलू शकते. मिथेनॉल तर लिपिड सरळ धुऊन नेते. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ०.२ टक्का ग्लुटाराल्डिहाइड घातले तर पेशीपटलावरचे पीआयपी२ बरे टिकते. पण कमी प्रमाणातल्या डिजिटोनिनने (पेशीपटलाला भोके पाडणाऱ्या द्रव्याने) केंद्रकाचे आवरण उघडत नाही आणि प्रतिपिंड आत पोचतच नाही. ट्रायटनने उलटे होते: पेशीपटलाचा साठा धुतला जातो आणि प्रथिनांनी धरलेला केंद्रकी साठा उघडा पडतो. एकाच काचेवर दोन्ही साठे नीट दाखवण्याचा हट्ट सोडावा.

पीआयपी२ ला बांधणारा पीएलसी-डेल्टा१ चा पीएच नावाचा भाग जीएफपी या चकाकणाऱ्या प्रथिनाला जोडून जिवंत पेशीत सोडला तर चकाकते ते मुख्यतः पेशीपटल. केंद्रकात पीआयपी२ नाही असा याचा अर्थ काढू नका. आतली डोकी आधीच प्रथिनांनी झाकलेली असू शकतात. नियंत्रण म्हणून आर४०एल हा बिघडवलेला पीएच भाग वापरा, आणि प्रतिपिंडाला आधी पीआयपी२ च्या मायसेलमध्ये मिसळून पाहा. तरीही खूण तशीच राहिली तर ती पीआयपी२ ची नव्हे.

केंद्रकी मेदबिंदू खरा की भास, हे कसे ओळखावे?

पेशींना सीरम अल्ब्युमिनला बांधलेले ओलिक आम्ल ४०० मायक्रोमोलर, २४ तास द्या. अल्ब्युमिनशिवाय दिले तर पेशी मरतात. बॉडिपी ४९३/५०३ या रंगाने थेंब, लॅमिनच्या प्रतिपिंडाने आवरण आणि हेक्स्टने डीएनए रंगवा. मग कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर वरपासून खालपर्यंत सगळे छेद घ्या. आवरण पुष्कळदा बोटासारखे आत खोचलेले असते आणि पेशीद्रव्यातला थेंब त्या खाचेत बसून केंद्रकात असल्यासारखा दिसतो. थेंबाभोवती लॅमिनचे कडे दिसले तर आधी खाचेचाच संशय घ्या आणि ते कडे बाहेरच्या आवरणाला कुठे जोडले जाते का, हे प्रत्येक छेदात शोधा. इतक्यावरही ठरत नसेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक गाठावा. तिथे थेंब आणि क्रोमॅटिन यांच्यामध्ये दुहेरी पटल आहे की नाही ते दिसते.